दुसऱ्याच क्वार्टरमध्ये

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

सेक्टर ६, भिलाई
ता. २४ ऑक्टोबर १९६३

सौ. रत्नमालाताईंस कांताचा वाकून नमस्कार.

दिवाळी साधीच, पण गोड झाली. तुमचे भाऊ या आठवड्यात सकाळपाळीला आहेत. तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. तुमचे यजमान भाऊराव पौर्णिमेला त्यांना तुमच्याकडे न्यायला येतात हे ऐकून त्यांनी लगेच ट्रंक पुसून ठेवली. "चाला, मले काय, कुठंबी करमते," म्हणाल्या.

परवाची गंमत सांगते. आई गिरणीतून दळण घेऊन निघाल्या, त्या घरी आल्याच नाहीत. इथली क्वार्टरं सगळी एकसारखी. तासभर शोधलं, गजाननबाबांचा धावा केला. तर मागच्या ओळीत एका तेलुगू बाईच्या ओसरीवर बसून तिच्या भाजीच्या शेंगा मोडून राहिल्या होत्या!

मी रागावले. तर म्हणतात, "अवो, घरात शिरली अन् म्हनलं, माही शिगडी कोनं हलवली? मंग पाह्यलं तं बाईबी दुसरीच!" ती बाई हसून हसून बेजार. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नाही, तरी आता रोजचं जाणंयेणं आहे.

ताई, हीच चूक पहिल्या वर्षी माझीही झाली होती. त्याच ओळीत. मी शरमेने पळाले, अन् तेव्हापासून चार वर्षं बाजाराला लांबच्या रस्त्याने जाते. तुमच्या भावालाही हे ठाऊक नाही.

तुम्हीच सांगता, सासरे गेले तेव्हा आई चाळिशीच्या होत्या, अन् परक्या गावच्या बायांत जाऊन, हसतखेळत पापडाचं काम शिकल्या. आज गुडघे गेले, एका डोळ्याला अंधुक दिसतं, पण बाई तीच आहे. मी यंदा एक्केचाळीस. पोथी नेमाने वाचते, घरात कण वाया जाऊ देत नाही, अन् दार लावून बसते. पासष्टीत माझं कसं होईल, ते मला आत्ताच दिसतं.

ज्येष्ठात मी लिहिलं होतं की जागा पुरत नाही, आईंना घेऊन जा. ते खोटं होतं. दारात येईल तो "आजी हैं क्या?" विचारतो. मला कोणी विचारत नाही. तेच सोसवलं नाही.

भाऊरावांनी जरूर यावं, चार दिवस राहावं. पण परतताना एकट्याने जावं. आईंना कुठेही करमेल, ताई. मला करमायचं नाही.

"राहा" एवढं तोंडावर म्हणणं मला जमत नाही, तुम्ही जाणता. म्हणून पाकीट चिकटवण्याआधी हे सगळं आईंना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ज्येष्ठातलंसुद्धा.

मुलांना आशीर्वाद.

तुमच्या आईंची सून,
कांता