ओळखीचं पाणी

३ मार्च
अखेर बिऱ्हाड थाटलं. दोन खोल्या, एक खिडकी आणि खाली पाववाल्याचं दुकान. त्यामुळे सकाळचा वास फुकट. वर्तमानपत्राने मला इथला वार्ताहर नेमलं आहे, म्हणजे गावात आज काहीही घडलं नाही हे रोज सविस्तर कळवायचं. बाहेरच्या खोलीत एक सहनिवासीही मिळाला: काचेच्या मोठ्या टाकीतला पांढुरका, थोराड मासा. आधीचा भाडेकरू मागे ठेवून गेला. तोंड अखंड हलतं, शब्द एक नाही. माझ्या संस्कृतच्या गुरुजींना असा शिष्य आवडला असता. नाव ठेवलं मौनी.

घरमालकीणबाईंनी पाणी बदलण्याची दीक्षा दिली. आठवड्याला पाव टाकीच काढायची. नळीचं एक टोक तळाशी, दुसरं खालच्या बादलीत. घाण आपोआप ओढली जाते. नवं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायचं, म्हणजे नळातलं औषध उडून जातं. मग बशीवर धार धरून हळूहळू ओतायचं. सगळं पाणी एकदम बदलू नका हो, असं त्यांनी दारातून सांगितलं, जिन्यातून सांगितलं आणि खाली पोचल्यावर ओरडून सांगितलं. माशाला पाणी ओळखीचं लागतं म्हणे. मी वरून म्हटलं, मलाही तसंच लागतं.

९ मार्च
पहिलं पाणी बदललं. नळी तोंडाने ओढताना एक घोट पोटात गेला. आचमन समजून सोडून दिलं. मौनी खूश दिसला, निदान नाखूश दिसला नाही.

पाव आणायला गेलो तर गल्ल्यावर कुणी दुसराच. कालपर्यंतचा पाववाला मला पाहिलं की विचारायचा, काय पत्रकारसाहेब, आज कुणाला झोडलंत? याने नुसतं किती हवेत ते विचारलं. दुकान वडिलांपासून आमचंच, म्हणाला. दुसरं कुणी इथे कधी बसलेलंच नाही. मला बुचकळ्यात पडलेला पाहून त्याने एक पाव जास्त दिला.

ताईचा फोन. छोट्या, जेवतोस का रे वेळेवर? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणणारी ती एकच उरली आहे. पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

१६ मार्च
पाणी बदललं. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त मास्तर, ज्यांच्याशी रोज जिन्यात पाचदहा मिनिटं कुचाळक्या व्हायच्या, ते नाहीत. त्यांच्या दारातून एक तरुण जोडपं बाहेर पडलं. किती वर्षं राहता, विचारलं. लग्न झाल्यापासून, म्हणाले. तुम्ही नवीन का?

परक्या गावात चार माणसं जोडायला किती गप्पा माराव्या लागतात हे वार्ताहराला ठाऊक असतं. माझी चारच होती.

२३ मार्च
पाणी गढूळ वाटत होतं. उत्साहाच्या भरात अर्धी टाकी बदलली. काच लखलखली. कौतुक करून घ्यायला खाली गेलो.

घरमालकीणबाईंचं दार एका उंच बाईंनी उघडलं. कोण हवंय आपल्याला? आत भिंतीवर सगळे फोटो यांचेच, पार लग्नापासूनचे. घर यांचंच आहे. भाडेकरू आहे म्हटल्यावर त्यांनी मला चहा दिला. अत्यंत सभ्य बाई. मी चहा प्यायलो आणि जिन्यात बसून राहिलो.

२५ मार्च
पाणी बदललं की ओळखीचं माणूस बदलतं, हे खरं का पाहायला प्रयोग केला. फक्त एक तांब्या काढला, एक तांब्या घातला. मग संपादकांना फोन लावला. अठरा वर्षांचा स्नेह. आवाज तोच नव्हता. आपण कोण बोलताय, असं मलाच विचारलं —

आता टाकीला हात लावणार नाही. उरलेल्या पाण्यात ताई आहे.

३१ मार्च
पाणी हिरवट. वास येतो. मौनी वर येऊन हवेत तोंड उघडतो. माशांच्या दुकानदाराकडे गेलो. पाणी बदला नाहीतर मरेल, आणि हलवायला जाल तर वाटेतच मरेल, म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालत बसलो. कुणाशी तरी बोलायला मिळालं म्हणून.

मौनीची क्षमा मागितली. रविवारी ताई येते आहे. ती आली, तिला धरून बसवलं, सगळं सांगितलं, की मग दोघं मिळून ठरवू. तोवर तग धर रे.

२ एप्रिल
मौनी आडवा होतो, पुन्हा सरळ होतो. माझाही श्वास पुरत नाही. खिडकी उघडली. खालून कुणीही वर पाहिलं नाही.

५ एप्रिल, रविवार
ताई आली! दार न वाजवता, थेट ढकलून, नेहमीसारखी. छोट्या, हा काय अवतार, दाढी कर आधी. तीच. तिचाच आवाज, तिचीच पिशवी, तिचंच ओरडणं. मला रडू आलं, तर म्हणाली, नाटकी मेला.

दुपारी
सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हसली नाही. कपाळाला हात लावून ताप पाहिला. तू एकटा पडलायस रे, म्हणाली. आतल्या खोलीत पड जरा, मी आहे बाहेर. टाकीला हात लावू नकोस असं मी तिला तीनदा बजावलं. बरं बाबा बरं, म्हणाली.

पडल्या पडल्या लिहितो आहे. बाहेर तिची बडबड चालू आहे. लहानपणी मी हौदात पडलो होतो ते. बिचारं मुकं जनावर, कसल्या घाणीत ठेवलंय. तिला घाण बघवत नाही, लहानपणा—

बादली सरकली.

ताई, नको म्हणून ओरडलो. झालंच रे, म्हणाली. सगळंच काढते, एकदाच काय ते लख्ख —

नळ. जोरात. ताज्या पाण्याची धार.

बडबड थांबली.

हाक मारली. ताई. पुन्हा मारली. उठून दार उघडलं तर कळेल. नाही उघडलं तोवर बाहेर ताई आहे. नाही उघडलं तोवर —

पावलं. दाराशी आली. तीच असेल, ढकलेल आता, ती कधी दार वाजव—

दोनदा, हळूच, बोटाने, परक्याच्या घरी वाजवतात तसं —