पहाटे चार चाळीसचा आकडा

कोल्हार, बुधवार

आदरणीय बेंजामिन दाजी यांना योहानचा सप्रेम सलाम.

प्रभूच्या दयेने इकडे सारे ठीक. तुमचा गुडघा आणि ताईची साखर दोन्ही ताब्यात असतील, अशी आशा करतो. फोनच केला असता, पण आमच्या फोनातलं कुठं कुठं जातं याचा मला आता भरवसा राहिलेला नाही, म्हणून कागद घेतला.

नाताळात तुम्ही आराधनाला काळजाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा दिलात, तो या पत्राचं कारण. पोरीनं रोज उठल्या उठल्या, अंथरुणातच, तो बांधून पाच मिनिटं निपचित पडायचं. मग फोनवर एक आकडा येतो आणि आपोआप तलावावरच्या रविराज सरांकडे जातो. (फोन माझा. सोळाव्या वर्षी तिला स्वतःचा द्यायचा नाही, हे मीच ठरवलंय.) सर सांगतात, दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं कमी-जास्त, तितका आकडा मोठा आणि काळीज ताजं, पोहण्याचा ताण साचला की ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात आणि आकडा घसरतो. इथंच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. जन्मभर मी देवापाशी स्थिर अंतःकरण मागितलं, आणि हे यंत्र म्हणतं, अस्थिर तेच बरं.

दुसरी पाल मोठी आहे. शनिवारी राज्य स्पर्धेची निवड चाचणी, आणि गेले दहा दिवस सर पोरीला धड पाण्यात उतरू देत नाहीत. आकडा पडलाय म्हणे. चार फेऱ्या मारायच्या आणि घरी. सृष्टीला मात्र ऐंशी फेऱ्या. सृष्टी सरांची भाची. (मी आरोप करत नाही, फक्त नातं सांगतो.)

काल राग गिळून तलावावर गेलो. सरांनी वाद घातला नाही, फोन उघडून पुढं धरला. महिनाभर सत्तरच्या आसपास असलेला आकडा एका दिवसात सव्वीसवर, आणि तिथंच मुक्कामाला. सर म्हणाले, "योहानराव, मी पोरीला एवढं राबवलंच न्हाई. सोळा वर्षांच्या काळजाचा हा आकडा नव्हं. घरी काय ताण हाय का?" मी तोंड उघडणार, तोच आकड्याशेजारची वेळ दिसली. चार चाळीस. रोज चार चाळीस.

दाजी, आमच्या घरात त्या वेळी एकच माणूस जागा असतो. उपवासकाळ लागल्यापासून मी पहाटे गुडघे टेकतो. पट्टा समोर खुंटीला. तो स्वतःच्या छातीला बांधून, प्रार्थनेनं काळजाला पडणारा फरक यंत्राला कळतो का, एवढंच बघायचं होतं. (देवाची परीक्षा पाहू नये असं लिहिलेलं आहे, हे ठाऊक होतं. सर दिवसाचा पहिलाच आकडा धरतात, हे ठाऊक नव्हतं.) "घरी सगळं ठीक हाय," एवढं बोलून चहा न घेता परतलो.

आपला मेहुणा,
योहान

ता. क. सर तुमचे जुने विद्यार्थी. पट्टा बिघडलेला निघाला, असं तुम्हीच त्यांना कळवावं. तुमच्या तोंडून खोटं वाटणार नाही.

ता. क. दुसरा. कळवू नका. पाकीट उघडं राहिलं होतं, आराधनानं पत्र वाचलं. म्हणाली, "पप्पा, मला पयल्याच दिवशी कळलं. खुंटीवरचा पट्टा गरम हुता." मग गप्प का राहिलीस, विचारलं. खांदे दुखत होते, विश्रांती बरी वाटली. आणि माझ्या छातीत काही होतंय, ते मी मम्मीपासून लपवतोय, असं तिला वाटलं म्हणे. तिनं सरांना सगळं सांगितलं. तिचा खरा आकडा पाहून ते म्हणाले, शनिवारसाठी पोरगी याहून ताजी असूच शकत नाही. सव्वीसवाल्याला मात्र डॉक्टरकडे धाडा.

ता. क. तिसरा. पोरीचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. महिनाभर जिना चढताना छातीत दाटतं. सोमवारी राहात्याला येतो, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन चला. बायकोला सांगतोय की ताईची साखर बघायला जातो. तेवढं ताईला पढवून ठेवा. पट्टा आता आराधना उशाखाली घेऊन झोपते. बापावर एवढा संशय घ्यायला ती कुणाकडून शिकली, देव जाणे.