चार वाट्या

बाबा,

मी निवडणूक हरले. दुसऱ्या कुणापुढे खरं बोलवत नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. अकोल्यात आता एका प्रभागाला चार नगरसेवक, म्हणजे एकेका मतदाराला चार बटणं. त्यातली अ जागा आपल्या समाजाच्या बाईसाठी राखीव होती, तिथे मी. बाकीच्या ब, क, ड जागांवर पलीकडच्या गल्ल्यांमधले तिघे. चौघांचं एकच पॅनल, एकच पत्रक, त्यावर चौघांचे हात जोडलेले फोटो. ते तिघे निवडून आले.

तुम्ही उभे होतात तेव्हा दोनच जागा होत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी तुम्ही वस्तीतल्या बाया आपल्या स्वयंपाकघरात जमवल्यात आणि पाटावर दोन वाट्या पालथ्या घातल्यात. "ही एक दाबली म्हंजे झालं नाई. दुसरी दाबल्याबिगर मशीन वाजत नाई, अन् वाजल्याबिगर भायेर याचं नाई." दुसरी वाटी ज्याची, तो आपल्याकडे आला की त्याला नेमका उपास असायचा, पाणीसुद्धा चालत नसे. याला कशाला मत द्यायचं, असं मी चिडून विचारलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत. "शब्द देल्ला ना आपन? मंग दोनी बटनं. उद्या कोनी आपल्या वस्तीकडे बोट दाखोवाले नाई पायजे." मी तोंड पाडून बसले. आई म्हणाली, जेवून घे.

यंदा त्याच पाटावर मी चार वाट्या मांडल्या. मतदानाच्या दिवशी दुपारी माझी शाळेतली मैत्रीण, पलीकडच्या गल्लीतली, मला हाताला धरून बाजूला घेऊन गेली. "अवं, तुयं नावच नाई घेऊन राहिले ते. आपले तीन दाबा अन् अ वर समोरच्या पॅनलवालीचं दाबा, असं घरोघरी सांगून राहिले. बदल्यात तिकडची मतं यायले भेटतीन ड वर." मोजणीत ते दिसलंच. आपल्या बूथवर चौघांना जवळपास सारखी मतं, त्यांच्या बूथवर फक्त तिघांना.

पण मला कळलं तेव्हा आपल्या बाया अजून रांगेत होत्या. अर्धी वस्ती यायची होती. एकीने विचारलंही, "ताई, काय करू मंग?" एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "चारई दाबा." आणि आत जाऊन मीही चारही दाबली. मशीन लांब वाजलं.

निकालाच्या संध्याकाळी तिघांतला एक गुलालाने माखलेला, पेढे घेऊन घरी आला. "ताई, मशीनचा काई भरोसाच नाई राहिला." चहा प्यायला, वर अर्धा कप मागून घेतला. आता त्यांना उपास नसतो, एवढी सुधारणा झाली आहे. आपली मतं त्यांना तेव्हाही चालत होती. त्यांची मतं मात्र आपल्या दारापर्यंत अजून आलेली नाहीत. शब्द पाळायचा आपण आणि गुलाल उधळायचा त्यांनी, हे कुठलं इमान हो बाबा? तुमचा फार राग आला. तुमच्या फोटोचा सुकलेला हार मी अजून बदललेला नाही.

वस्तीत म्हणतात, पोरगी बापाच्या तत्त्वाची निघाली. मी मान हलवते. हा कागद फाडूनच टाकायचा आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. रांगेतल्या त्या बाईने विचारलं तेव्हा 'आपलं एक दाबा, बाकी नोटा' हे अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर झापाल, अशी भीती वाटली. या वयात, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.