न्हाणीतला दगड

सांगली, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८६८

दोन महिन्यांपूर्वी ही न्हाणीतल्या शेवाळलेल्या दगडावर घसरली. अजून पाय टेकत नाही. तिची थोरली बहीण आक्का तिला धरून अंघोळ घालते, पण ती रविवारी साताऱ्याला परतणार. गवंडी मिळेना, म्हणून न्हाणी स्वतःच नवी करायची ठरवली. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या हातात थापी! तो दगड मात्र आधी उखडायचा.

आज नकाशा पुरा झाला. बसायला ओटा, हाताशी बंब, धरायला भिंतीत कडी. शेजारचे सुभेदार बघून म्हणाले, "आवं गुरुजी, लय झ्याक! पर पानी जायाचं कुठनं?" मोरीच राहिली होती. ती काढली आणि ऐटीत हिला दाखवायला गेलो.

"कडी छान आहे हो," ही म्हणाली. "पण आक्का गेल्यावर मला कडीपर्यंत नेणार कोण?"

"मी."

"तुम्ही? मग उभे कुठं राहणार? बंबावर?"

खरंच, दुसऱ्या माणसाला नकाशात जागाच नाही. रबर घेऊन बसलोय, पण खोडू काय? पंचवीस वर्षांत हिचा हात घरातसुद्धा कधी धरला नाही. दगड उखडेन एक वेळ. दुखऱ्या माणसाला धरतात कसं, हे रविवारच्या आत आक्काला विचारायला हवं. आणि आक्कासमोर माझं तोंड उघडत नाही.