खांबावरचा दिवा

बुधवार, संध्याकाळ. निगडी.

दोन दिवसांनी वही उघडतोय, उशिराबद्दल माफ कर. मन थाऱ्यावर नव्हतं.

शेजारच्या संपतची रिक्षा कोयत्याने फोडणारी पोरं परवा कोर्टातून सुटली. आज खाली दिव्याच्या खांबाशी सगळे जज्जसाहेबांच्या नावाने बोटं मोडत होते. संपत म्हणाला, "जज्जच मोकाट सोडतात, मग पोलीस काय करणार? आबा, तुम्ही साक्षीला होता, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "व्हय बाबा."

काय व्हय? जज्जसाहेबांनी मला आधी पाणी दिलं, मग शांतपणे विचारलं, "आजोबा, त्या रात्री खांबावरचा दिवा चालू होता का?" मी बंद म्हणालो. चेहरे दिसले नाहीत म्हणालो. दिवा चालू होता. गॅलरीतून तिघेही ओळखले होते मी. पण नात त्याच गल्लीतून क्लासला जाते... माझ्याच बोलण्यावर त्यांनी निकाल दिला ना? आणि शिव्या ते खातात.

बोलता बोलता दिवा लागला. संपतचा चेहरा लख्ख दिसला. मला वर बघवेना.

आता तो भाडं घेऊन गेलाय. त्याच्या बायकोकडे निरोप ठेवलाय, "पोरी, संपत आला की लगेच वर पाठव." उशीर झाला तर माझा धीर जाईल.