मला पाटावर बसवलंस ते

आये, तू मला पाटावर बसवलंस, पण उतरवलं नाहीस. आधी हे ऐक, मग खुशाली विचारीन. मेलेल्या माणसाची खुशाली ती काय असणार म्हणा.

दिवाळे गावच्या आपल्या कोळीवाड्यातल्या घरात तेव्हा रात्र रात्र माझा डोळा लागत नव्हता, तरी अंगात दहा जणींचं बळ. बोलायला लागले की शब्द पुढे आणि मी मागे. विकायची सगळी मासळी धक्क्यावर फुकट वाटून टाकली आणि वर नाचले. तू ओरडलीस, "माझे पोरीचे अंगान आई आयली!" देवी म्हणून पाटावर बसवून माझी ओटी भरलीस. बायका पाया पडायला लागल्या, होड्या कधी सोडायच्या ते मला विचारायला लागल्या, आणि मीही सांगत सुटले. मला खरंच वाटायचं, खाडीतली एकूण एक मासळी मला ओळखते. मग एके सकाळी सगळं विझलं. अंग ओल्या जाळ्यासारखं जड. तोंडात भात घोळतोय आणि गिळायचं कसं ते आठवत नाही. तू दंड धरून उठवतेस, "ऊठ गो, बायका थांबल्यान. आई कोपली तं?" हळदीने माखलेली मी पाटावर रडतेय आणि बाया म्हणतात, आईला गहिवर आला.

आता सीवूड्सला लेकाच्या फ्लॅटमध्ये असते. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. गोळ्यांनी माणसात आले. पण जोरात हसले की सून लेकाकडे बघते, गप्प बसले की लेक सुनेकडे. "आई, गोळी घेतली ना?" "घेतली. आता हसू का?" असं म्हटलं तरी दोघं एकमेकांकडे बघतात.

आणि आता नातीलाही तेच निघालंय. कॉलेज सोडून घरात आहे. गोळी तळहातावर धरून बसते, तोंडात टाकत नाही. काल म्हणाली, "आजी, खरं सांग. ही घेतल्यावर ते उंच उडाल्यासारखं वाटणं सगळं जातं ना? मग उरतं काय?" माझ्या ओठांवर तुझंच बोलणं आलं होतं, आईची इच्छा, बाय. गिळलं.

जातं, हे खरं आहे. मला अजून त्या नाचाची आठवण येते, लेकाला हे कधी सांगितलं नाही. पण भात गिळता येतो. आणि उरते ती मीच, नातीला दोन शिव्या घालायला. जातं ते आणि उरतं ते, दोन्ही सांगणार आहे तिला. हा कागद कुठे टाकायचा नाहीये, तुला कसला पत्ता? पण एक ध्यानात ठेव. पोरीने मला विचारलंय, उत्तर मी देणार. तू मध्ये बोलायचं नाहीस.