वांगं का खायचं नाय

वैजापूर मुक्कामी गोकुळदाजींना आन् पारूताईला शेंद्र्याहून मल्हारीचा वाकून रामराम. दाजी, तुमचा गुडघा आता ओटा चढू देतो का? कांदा विकला, का अजून चाळीतच झाकून बसलात? इकडं सगळे खुशाल. (बानाबाईची कंबर सोडून, पण ती फक्त मी चहा मागितला की दुखती.) हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोन सूनबाई शालूच्या हातात, आन् ती तो कायम स्पीकरवर ठेवती. का ठेवती, त्याचाही मला संशय हाय.

तर आपल्या अक्षदाच्या शाळेत सगळ्या धर्मांची ओळख म्हणून एक तास सुरू झालाय. ऐकल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. नात माझी, देव माझा, आन् ओळख करून देणार कोण, तर शहरातल्या शहागंजातून स्कूटीवर येणारी अमृता मॅडम! बाई कोणत्या देवाची तेच कळंना. गळ्यात काय नाय, मनगटाला नुसतं घड्याळ. आडनाव विचारलं तर म्हणाली, अमृताच म्हणा काका. (आडनाव लपवणाऱ्यापासून चार हात लांब राहावं, हे तुमचंच सांगणं.) निदान डबा तरी बघावा म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून डोकावलो, तर मेथीची भाजी! मेथीवरून माणसाचा काय पत्ता लागतो, तुम्हीच सांगा. ही बाई माझ्या नातीला माझ्या खंडोबापासून तोडणार, असं मी धरूनच चाललो. लई जीव जळला दाजी, एकुलती नात हाय.

म्हणून शुक्रवारी सरळ वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. बाक पोरांचा, गुडघे हनुवटीला लागले, पण हललो नाय. पोरं आपापल्या घरी काय पाळतात ते सांगत होती. आमच्या रानाशेजारच्या कडुबाची नात रूपाली उठली. तिनं त्यांच्याकडची बुद्धवंदना म्हटली, पाच शीलं सांगितली, आन् प्रत्येकाचं कारणही सांगितलं. मग आपली अक्षदा उठली. आमच्याकडं खंडोबाचं असतंय, म्हणून आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाय, म्हणाली. रूपालीनं विचारलं, का? झालं! अक्षदा माझ्याकडं बघायला लागली, मागोमाग सगळा वर्ग. मॅडम गोड हसून म्हणाली, काका, तुम्हीच सांगा. (बघा, सापळा कसा लावती!)

दाजी, मला कुठं ठाऊक? आमच्या बापाला का म्हणून विचारलं की कानाखाली बसायची. पण अक्षदाचं तोंड असं उतरलं की मला बघवंना. म्हटलं, देवा, माफ कर, आन् दिली ठोकून. खंडोबा देव बाणाईशी लगीन लावायचं म्हणून तिच्या घरची मेंढरं राखायला राहिले, तवा ऐन पावसाळ्यात मेंढरं एकाच्या वांग्यात घुसली. रानवाला काठी घेऊन धावला. देव म्हणाले, बाबा, मेंढरांना मारू नको, चंपाषष्ठीपर्यंत माझं एकही माणूस वांग्याला तोंड लावणार नाय. (ही भानगड माझ्याच मेंढरांनी मागच्या साली कडुबाच्या रानात केली होती. रूपाली माझ्याकडं टक लावून बघत होती, पण पोरगी गुणाची, बोलली नाय.) टाळ्या पडल्या. अक्षदा अशी ताठ झाली जणू मेंढरं तिनंच राखली. मॅडमनं लगेच जाहीर केलं की ही गोष्ट आता दर वर्षी शिकवायची. म्हंजे शाळेत खोटा धर्म शिकवतील म्हणून पहारा द्यायला मी गेलो, आन् शिकवून आलो मीच.

सगळ्यांना नमस्कार. पत्र वाचून चुलीत घाला.

आपला,
मल्हारी

ता. क. मॅडमनं विचारलं, ही गोष्ट कुणाकडून ऐकली? घाबरून मी तुमचं नाव सांगितलं. ती पुढच्या रविवारी तुमच्याकडं खात्री करायला येतेय. वर लिहिलीय ती गोष्ट पाठ करा, एक मेंढरू इकडचं तिकडं करू नका. आन् पारूताईला सांगा, त्या दिवशी भरीत करू नको.

ता. क. अक्षदा आधी गुपचूप वांगं खायची. आता शाळेच्या खिचडीतली फोडसुद्धा बाजूला काढती. म्हणून खरं कारण तुम्हाला ठाऊक असलं तरी तिला सांगू नका, मलाच सांगा.

ता. क. पत्र बंद करता करता ऐकलं. बानाबाई शेजारणीला सांगत होती, ही वांग्याची गोष्ट तिनं लहानपणीच माहेरी ऐकलीय, आन् मी ती अर्धवटच सांगितली. दाजी, आता मला माझाच संशय यायला लागलाय. ही गोष्ट खरी तर नसंल?